एडन यायच्या आधी

सांबप्पांचा आवाज व्हिएन्नाच्या दवाखान्यातच राहिला. तिथल्या डॉक्टरांनी महिनाभर त्यांच्या घशाला रेडियमचे शेक दिले. गाठ थोडी बसली, आवाज मात्र गेला. परतीच्या जहाजात त्यांना दोघांनी धरून चढवावं लागलं. ज्यांनी नुसतं खाकरलं तरी ताडकळसच्या बाजारात माणसं वाट सोडून उभी राहत, ते आता हातानं बोलत होते, आणि ते बोलणं सगळ्या जहाजात एका थोरल्या सुनेला, महादेवीलाच कळत होतं.

जाताना तिला इतकं अवघड गेलं नव्हतं. आप्पा दिवसभर बोलायचे. समुद्र बघून म्हणायचे, "एवढं पाणी अन प्यायला थेंब न्हाई, आपल्या गोदागंगेचं बरं हाय मग." गोऱ्या बायांचे उघडे हात बघून मान फिरवायचे आणि मग हसायचे. येताना ते हसणं गेलं. जहाज इटलीचं होतं. जेवणघरात, जिन्यात, डेकवर जे काही कानावर पडे त्यातलं एक अक्षर तिला लागत नसे. कुणी काही विचारलं तर ती मान हलवी. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही ठाऊक नसे.

धाकटा दीर लिंगराज सोबत होता. हैदराबादेत वकिली शिकलेला, इंग्रजी बोलणारा. म्हणूनच त्याला पाठवलं होतं. तो सकाळ-संध्याकाळ खोलीच्या दारात येई, "काय पायजे का वैनी?" विचारी आणि बापाच्या गळ्याकडे न बघता वर डेकवर निघून जाई. त्याला मुन्सिफीचा, खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या नेमणुकीचा हुकूम निघाला होता. निजामाच्या फसली सालातला मेहेर महिना लागायच्या आत हैदराबादेत हजर व्हायचं होतं. व्हिएन्नात तार मिळाली तेव्हापासून तो दर दोन दिवसांनी कुणाला तरी विचारी, जहाज वेळेवर पोचेल ना.

तिला आधार म्हणाल तर अंतोनचा. तो गोव्याचा किरिस्ताव, खोल्यांची झाडलोट करणारा, पन्नाशीचा. पहिल्या दिवशी त्यानं आप्पांकडे बघितलं, तिच्या हातातलं रिकामं पातेलं बघितलं आणि म्हणाला, "पेज?" तो एक शब्द ऐकून महादेवी तिथंच खाली बसून रडली. मग त्यानं कुणाला तरी विनवून तिला भटारखान्याच्या मागं एक शेगडी मिळवून दिली. त्याचं बोलणं तिला निम्मं कळे. मीठ म्हणजे मीठ, दूद म्हणजे दूध, पण पाण्याला तो उदक म्हणे. ती म्हणायची, "दादा, तुमी भटावानी बोलता." त्याला ते कळत नसे, पण तो हसे.

तांबडा समुद्र लागला आणि खोलीत भट्टीसारखं झालं. आप्पांना पेजही गिळेना. एका सकाळी त्यांनी तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं हवेतून मूठभर काहीतरी उचलल्यासारखं केलं, बोटांत चुरलं आणि छातीवर ठेवलं. पेरणीआधी ते रानात माती अशीच चुरून बघायचे.

"व्हय मामंजी," ती म्हणाली. "आपल्या रानातच. मळ्यात, थोरल्या आप्पांच्या समाधीशेजारी. मी हाय ना."

त्यांनी मनगट सोडलं. ऊन वर यायच्या आत ते गेले.

कप्तान स्वतः खाली आला. सोबत जहाजाचा डॉक्टर. खोलीबाहेरच्या अरुंद बोळात ते लिंगराजशी बोलत उभे राहिले. महादेवी दाराच्या चौकटीशी होती. कप्तान हळू, समजावून बोलत होता. त्यानं जहाजाच्या नाकाकडे हात केला, मग एक बोट वर केलं. लिंगराज आपल्या बुटांकडे बघत होता. दोन शब्द बोलला. कप्तानानं परत काहीतरी विचारलं. लिंगराजनं मान हलवली.

"काय म्हनला त्यो?" ती म्हणाली.

"कायदाय वैनी जहाजाचा. मेलेलं माणूस ठेवून घेत नाहीत. संध्याकाळी पाण्यात द्यायचं म्हणाले."

"पाण्यात?"

"मी लय सांगून बघितलं."

"आपल्यात मातीत बसवतात म्हनून सांगितलं का?"

"सांगितलं," लिंगराज म्हणाला.

तिनं आप्पांना आंघोळ घातली. कपाळाला, दंडांना भस्म लावलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, करडुव्यातून, इष्टलिंग काढलं, त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि धोतराची चिंधी फाडून घट्ट बांधलं. संध्याकाळी आप्पा समुद्रात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज थांबलं. खिडकीतून काळे बोडके डोंगर दिसले, धक्का दिसला, आणि धक्क्यावर पांढरी धोतरं आणि पागोटी घातलेली चार माणसं. अगदी आपल्याकडच्या पेढीवर बसावीत तशी. ती बघतच राहिली. अंतोन पाण्याचा तांब्या घेऊन आला होता.

"एडन," तो म्हणाला.

"इथं जमीन हाय," ती म्हणाली.

अंतोननं तांब्या खाली ठेवला. त्यानं दाराबाहेर बघून घेतलं. मग म्हणाला, "कप्तानान सांगलें, फाल्यां एडन, थंयपर्यंत दवरतां. तुज्या देरान नाका म्हळें."

तिला 'दवरतां' कळलं नाही. त्यानं रिकाम्या बिछान्यावर हात सपाट ठेवला आणि तसाच धरून ठेवला. 'फाल्यां' कळलं नाही. त्यानं बोटानं सूर्य बुडवला आणि परत उगवला. 'नाका' तिला कळलं. ते समजून सांगावं लागलं नाही.

* * *

तार मुंबईहून आली होती. परभणीच्या स्टेशन मास्तरनं ती वाचून दाखवली होती: आप्पा वारले, मंगळवारी येतो. थोरल्या मुलानं, महादेवीच्या नवऱ्यानं, बसवंतरावांनी मनाशी धरलं, जहाजातून उतरल्यावर मुंबईतच गेले असतील. म्हणजे बर्फाच्या पेटीत घालून आणणार.

मंगळवारी ते चार गडी, दोन बैलगाड्या घेऊन पावसातच परभणीला आले होते. मोठ्या गाडीत सटवाजीनं केळीचे खांब आणि बांबू बांधून विमान सजवलं होतं. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून, मिरवत नेतात. सटवाजी सांबप्पांचा जुना सालगडी. रात्रभर जागून त्यानं झेंडूच्या माळा ओवल्या होत्या.

रेल्वेगाडी थांबली तसे बसवंतराव सरळ मागच्या सामानाच्या डब्याकडे गेले. गार्डनं दार उघडलं. कापडाचे गठ्ठे, एक सायकल, गुळाच्या भेल्या.

"पेटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कौनसी पेटी?"

ते वळले. दूरवर फलाटावर लिंगराज उभा होता, कोट घातलेला, हातात कातडी पेटी. त्याच्या मागं महादेवी, डोईवर पदर घट्ट ओढून. चार महिन्यांत ती अर्धी झाली होती. बसवंतरावांच्या मनात एक क्षण असं आलं की चूक झाली, आप्पा मागून उतरताहेत, तार खोटी होती.

"आप्पा?" ते म्हणाले.

"दादा, आप्पा जहाजावरच गेले. तिथंच, समुद्रात…" लिंगराज म्हणाला.

"समुद्रात काय?"

लिंगराज खाली वाकून त्यांच्या पाया पडला. बसवंतरावांनी पाय मागं घेतले.

"समुद्रात टाकलास का आप्पाला?"

सटवाजीनं तोंडात उपरणं कोंबलं. फलाटावरचे लोक बघायला लागले होते. बसवंतराव बायकोकडे वळले. तिनं मान वर केली नाही, पण त्यांना तिच्या उभं राहण्यावरून कळलं की तिनं मनात काहीतरी दाबून ठेवलंय आणि ते दिराच्या सोयीचं नाही. सोळा वर्षांचा संसार होता. तिच्या गप्प राहण्यातले प्रकार त्यांना ओळखू येत.

आप्पांना परमुलखात न्यायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. धाकट्याचं शिक्षण, धाकट्याची नोकरी, धाकट्याचं इंग्रजी, आणि शेवटी बापाला घेऊन जाण्याचा मानही धाकट्यालाच. त्यांनी बैल जुंपायला सांगितले. सजवलेली गाडी रिकामीच पुढं निघाली. 

* * *

गाड्या घरी न जाता मळ्यात यायच्या होत्या, म्हणून महादेवीच्या सासू, नागुबाई, सकाळपासून मळ्यातच होत्या. आंब्याखाली घोंगड्यांचा आडोसा केला होता. मठाचे स्वामी पाटावर बसले होते. नणंद मनकर्णाबाई गंगाखेडहून आल्या होत्या. बांधावर गावातली माणसं डोक्यावर पोती घेऊन उभी होती. नागुबाईंच्या सासऱ्यांच्या, थोरल्या आप्पांच्या समाधीशेजारी खड्डा खणून झाला होता, मांडी घालून बसवण्यापुरता, आत कोनाड्यासकट. काळ्या रानाची ओल फुटून त्यात सारखं पाणी भरत होतं आणि दोन गडी घागरीनं उपसत होते.

"कोरडं करा रे," नागुबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "पाण्यात कसं बसवायचं मानसाला?"

लग्नात त्या नऊ वर्षांच्या होत्या. नवऱ्याशी पन्नास वर्षांत त्यांचं फारसं बोलणं झालं नव्हतं, भांडणही नाही. तरी कुंकू पुसून झाल्यापासून त्यांना एकच घाई होती. त्यांना जागेवर बसलेलं बघायचं. मग रडायचं.

पहिली गाडी बांधाशी थांबली. विमान रिकामं होतं. दुसऱ्या गाडीतून दोन्ही मुलं आणि सून उतरली. नागुबाईंनी दोन्ही गाड्यांच्या मागं जाऊन बघितलं. मग त्यांनी कुणालाही न विचारता स्वामींकडे बघितलं, जणू हा काही विधीचा भाग असेल.

लिंगराजनं सांगितलं. जहाज, उकाडा, आप्पांचा शेवट. जहाजाचा कायदा. तो तुकड्यातुकड्यानं बोलत होता आणि मधेच थांबून कोटाची बाही तोंडाला लावत होता. मनकर्णाबाईंनी सूर काढला तसं नागुबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"लिंग कुठाय?" स्वामींनी विचारलं.

"डाव्या हातात बांधलंय," महादेवी म्हणाली. "मीच बांधलं. भस्म लावलं, पंचाक्षरी म्हनली."

स्वामी थोडा वेळ डोळे मिटून बसले. "मंग ते लिंगात मिळाले. लिंग हातात असताना माती काय अन पानी काय. नागुबाई, मनात किंतू धरू नका."

त्यांचं म्हणणं बांधावरच्या माणसांना पटलं. एक-दोघांनी हात जोडले. तिथं ते संपलं असतं. लिंगराजचे खांदे सैल झाले. तो आईच्या पायाशी बसायला पुढं झाला.

"जमीन किती लांब हुती?" बसवंतरावांनी विचारलं.

"कशाची?"

"जिथं आप्पा गेले तिथनं. एवढं जहाज जातंय, मधी गावं लागत असतील की."

"लय लांब होती दादा," लिंगराज म्हणाला.

बसवंतरावांनी पुढं विचारलं नाही. ते फक्त बायकोकडे बघत राहिले. नागुबाईंनी थोरल्याची नजर कुठं आहे ते पाहिलं, आणि त्यांचंही तोंड तिकडे वळलं.

"महादेवी," त्या म्हणाल्या, "तू सांग. जमीन लांब हुती का गं?"

महादेवीनं पदर सावरला. तिला वाटलं होतं, विचारलं तर जीभ उचलणार नाही. पण आप्पांचा आवाज गेल्यापासून तिला कुणी तिच्या भाषेत, तिचं नाव घेऊन, उत्तराची वाट बघत काही विचारलं नव्हतं.

"एक दिवस लांब हुती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी दुपारी लागली. कप्तान तितवर ठेवून घेतो म्हनला हुता. भाऊजींनी नको म्हनलं."

घागरीचा आवाज थांबला. उपसणारे गडीही ऐकत होते.

"वैनी," लिंगराज म्हणाला.

"हिला कसं कळलं?" मनकर्णाबाई पुढं सरसावल्या. "हिला इंग्रजी येतंय का इटलीचं येतंय? माज्या भावाचं लेकरू मुन्सिफ व्हायलंय ते बघवना का हिला? सोताला लेकरू न्हाई…"

"आत्या, थांबा," बसवंतराव म्हणाले. "कुणी सांगितलं तुला?"

"तिथल्या झाडणाऱ्यानं. अंतोननं. तो गोव्याचा हाय."

"त्याची बोली येती तुला?"

"निम्मी येती."

बांधावर कुणीतरी हसल्यासारखं केलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "निम्म्यावर बापाची हत्या घालायलीस का माज्या पोरावर?"

लिंगराजला अजून सुटता आलं असतं. तो वकील होता. झाडूवाला, परकी बोली, दुःखानं वेडी झालेली बाई, एवढं म्हणायची देर होती आणि सारा बांध त्याच्या बाजूचा झाला असता. त्यानं तोंडही उघडलं. पण त्याला तो बोळ दिसला. कप्तान म्हणाला होता, उद्या दुपारपर्यंत एडन. तिथं तुमच्या देशाचे व्यापारी आहेत. मी त्यांना बिनतारी निरोप देतो. तुम्ही उतरा, तुमच्या रीतीनं करा, पुढच्या जहाजानं जा. त्याच्या मनात एकदम इतकं आलं होतं. उन्हात फुगत जाणारं ते शरीर, अनोळखी बंदर, अनोळखी माणसांपुढं हात जोडणं, पंधरा दिवस तिथं अडकणं, हातची मुन्सिफी जाणं. आणि या सगळ्याच्या तळाशी, तो गळा परत बघायचा नाही, हे. कप्तानानं दुसऱ्यांदा विचारलं होतं, नक्की का? कप्तानाला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं. सगळ्या प्रवासात कुणी त्याच्याशी इतकं मायेनं बोललं नव्हतं.

"खरंय," तो म्हणाला.

नागुबाईंना ते ऐकू गेलं नसावं असं सगळ्यांना वाटलं. त्या पोराकडे बघत होत्या.

"मला भ्या वाटलं आई. मला वाटलं, लवकर व्हावं. संपावं."

"नोकरीसाठी," बसवंतराव म्हणाले. "तारीख चुकल म्हनून बापाला माशाला घातलास." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच तो सगळ्या रानभर गेला. "स्वामी, तुमी ऐकलं. गावानं ऐकलं. ज्यानं बापाला माती दिली न्हाई त्याला ह्या मातीत वाटा न्हाई. महादेवी, परत सांग. समद्यासमोर, पयल्यापासून सांग. पाटलाला बोलवा कुणीतरी."

महादेवीनं नवऱ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते. हे सांगितलं ते आप्पांसाठी. ते आता बसवंतरावांच्या हातात गेलं होतं, फावड्यासारखं.

"आत्याबाईंनी इचारलं, त्यांना सांगितलं," ती सासूकडे हात करून म्हणाली. "मी परत सांगनार न्हाई."

"काय?"

"पाटील येऊ द्या न्हाईतर तहसीलदार येऊ द्या. मी सांगनार न्हाई."

"दिराची बाजू घेतीस का आता?"

"मी कुनाचीच घेत न्हाई."

बसवंतराव एक पाऊल पुढं आले. सटवाजी मधे येऊन उभा राहिला. तो मालकाच्या अंगावर गेला नाही, नुसता उभा राहिला. बसवंतराव वळले, आंब्याखालून आपलं पागोटं उचललं आणि बांधानं घराकडे निघाले. त्यांच्या मागं गावातली निम्मी माणसं गेली. स्वामींनी निघताना नागुबाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

लिंगराजनं कोट काढून आंब्याच्या फांदीला टांगला. गड्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि खड्ड्याच्या कडेचा चिखल आत ओढायला लागला. त्याला ती सवय नव्हती. काळी माती फावड्याला चिकटायची, ती पायानं काढावी लागायची. सटवाजी मदतीला वाकला तसं नागुबाईंनी त्याला "राहू दे" म्हटलं. त्या बसून होत्या. पोराच्या हाताला फोड आले, फुटले, तरी त्यांनी त्याला थांबवलं नाही. अंधार पडायच्या आत रान सपाट झालं.

* * *

दुसऱ्या दिवशी लिंगराज हैदराबादला गेला. नागुबाईंनी त्याला भाकरी बांधून दिल्या. त्यांच्या हातून त्यानं त्या घेतल्या. बसवंतराव पाटलाकडे गेले होते. परत आल्यावर त्यांनी महादेवीचं अंथरूण माळवदावरच्या खोलीतून खाली आणून टाकलं.

नागुबाई चार दिवस महादेवीशी बोलल्या नाहीत. मनकर्णाबाई गंगाखेडला परत जाईपर्यंत नागुबाई नणंदेच्याच हातचं जेवल्या. पाचव्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. महादेवी मागच्या अंगणात अंबाडी निवडत होती. नागुबाई येऊन तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनीही एक जुडी पुढ्यात ओढली.

"कशाला सांगितलंस गं मला?"

"तुमी इचारलं."

"इचारलं म्हनून सांगायचं असतंय का? त्या कप्तानाचा कायदा हुता म्हनली असतीस तर मी त्या कप्तानाला शिव्या देत मेले असते. माजी दोन्ही लेकरं राहिली असती." त्या पानं खुडत होत्या, हात थांबत नव्हता. "आता एक तोंड दावीना अन दुसरं सारखं रान मोजायलंय."

महादेवीनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मामंजींनी मला माती मागितली हुती. मी हो म्हनले. त्यांना बोलता येत नव्हतं आत्याबाई. अन मला तिथं कुनाशी बोलता येत न्हवतं. त्या दारात मी उभी हुते, डोळ्यादेखत ते माझ्यासमोर ठरवायले हुते अन मला कळंना. कळलं असतं तर मी कप्तानाचे पाय धरले असते. घरी येऊन, समदं कळत असताना, मी गप बसू का?"

नागुबाई पानं खुडत राहिल्या. एक जुडी निवडून झाली. त्यांनी दुसरी घेतली.

"किती जन हुते?" त्यांनी विचारलं.

"कवा?"

"न्हेताना."

"वर डेकवर लय जन आलते. गोऱ्या बायांनी डोकी झाकून घेतली हुती. त्यांचा एक मंत्रवाला आलता, त्याला मी हातानं नको म्हनले, तर तो गप बाजूला हुभा राहिला."

"बसवून न्हेलं का?"

"न्हाई. कापडात शिवलं हुतं. फळीवर आडवं."

नागुबाईंचे डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खांदा कुनी दिला?"

"भाऊजींनी. अंतोननं. अन एका खलाशानं."

"तीनच का?"

"चौथाबी खलाशी हुता. पर तो लय उंच. फळी तिरकी व्हायली हुती, मामंजी एका अंगाला सरकायले. मग मी त्याला हात धरून बाजूला काढलं."

"अन?"

"अन मी दिला."

नागुबाईंचा हात थांबला. "तू?"

"तिथं कुनाला ठावं आत्याबाई, आपल्यात बाया खांदा देत न्हाईत म्हनून. कुनी कायच म्हनलं न्हाई."

"लिंगराज?"

"ते रडत हुते. त्यांनी वळून बघितलंच न्हाई."

अंगणात ऊन पडलं होतं. निवडलेल्या पानांवर माशा बसत होत्या. नागुबाईंनी त्या हाकलल्या नाहीत.

"जड हुते का?"

"न्हाई. लय हलके झालते."

नागुबाईंनी पुढ्यातली अंबाडी बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात टेकत थोड्या पुढं सरकल्या. "कुठला खांदा?"

महादेवीनं उजवा दाखवला. नागुबाईंनी तिचा पदर जरा बाजूला केला आणि तिथं आपला पंजा ठेवला. अंबाडीनं हिरवा झालेला. मग त्या रडायला लागल्या, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, आणि हात तिथंच ठेवून.

बाहेरून बसवंतरावांनी महादेवीला दोनदा हाक मारली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.